गाण्यात हार्पसिकॉर्ड वापरताय? या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एका एकांकिकेचं पार्श्वसंगीत मी घरच्या कीबोर्डवर केलं होतं. एका प्रवेशाखाली हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोसारख्या पट्ट्यांचं जुनं युरोपीय तंतुवाद्य, टाकला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली. तालमीत दिग्दर्शकाने दोन मिनिटं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे घुंगरू कुणाच्या पायात आहेत?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी पियानो वाजवतो तसाच वाजवला होता, फक्त टोन बदलला होता. जनरल मिडीच्या, म्हणजे कीबोर्डमधल्या आवाजांच्या ठरलेल्या, यादीत हार्पसिकॉर्ड सातव्या क्रमांकावर आहे, त्यामुळे तो जवळपास प्रत्येक कीबोर्डमध्ये सापडतो, आणि जवळपास प्रत्येक कीबोर्डवर असाच वाया जातो.

आत काय होतं ते आधी बघू. पियानोत हातोडी तारेवर आपटते. हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की जॅक नावाची लाकडी चीप वर उचलली जाते आणि तिच्यात बसवलेली बारीक नखी तार छेडून पुढे निघून जाते. जुन्या वाद्यांत ही नखी पक्ष्याच्या पिसाच्या देठाची असे, आता बहुधा प्लास्टिकची असते. सतारीवर नखीचा जोर वादकाच्या बोटात असतो. इथे नखी लाकडात जखडलेली. पट्टी हळुवार दाबा नाहीतर आपटा, आवाज जवळपास तेवढाच. पट्टी सोडली की जॅक खाली येतो, त्याला लावलेला लोकरी कापडाचा तुकडा तारेवर टेकतो आणि सूर थांबतो. म्हणजे जोर वादकाच्या हातून गेला. उरतं काय, तर सूर कधी सुरू करायचा, कधी सोडायचा आणि एका वेळी किती सूर वाजवायचे. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

"जोरात-हळू" वाजवणं

सर्वांत मोठी चूक हीच. कीबोर्डला टच असतो, म्हणजे जोरात दाबलं की आवाज मोठा होतो, त्यामुळे आपण सवयीने समेवर जोर देतो आणि बाकीचे सूर हळू ठेवतो. कानाला लगेच कळतं की हे खोटं आहे, कारण खरा हार्पसिकॉर्ड असा कधी वाजतच नाही. सॉफ्टवेअरमध्ये व्हेलॉसिटीचा (पट्टी किती जोरात दाबली त्याच्या नोंदीचा) आवाजावर होणारा परिणाम बंद करा. तशी सोय नसेल तर सगळ्या सुरांची व्हेलॉसिटी एकच ठेवा.

मग भर द्यायचा कसा? ज्या सुरावर भर हवा, त्याच्या आधीचा सूर किंचित लवकर सोडा. मध्ये बारीकशी शांतता पडते आणि पुढचा सूर आपोआप उठून दिसतो. किंवा तो सूर केसभर उशिरा घ्या. गाणं चढवायचं असेल तर सूर वाढवा: दोन सुरांच्या जागी चार, सरळ कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) जागी पसरलेला कॉर्ड, वर एक सप्तक जोडून. मोठ्या हार्पसिकॉर्डमध्ये हीच सोय वाद्यातच केलेली असते, एकाच पट्टीवर दोन-तीन तारा वाजतात आणि त्यातली एक सप्तकभर उंच असते.

क्वांटाइझ केलेला, म्हणजे सॉफ्टवेअरने तंतोतंत मात्रेवर बसवलेला, कॉर्ड हे आणखी एक दुखणं. चार सूर अगदी एकाच क्षणी छेडले गेले की कॉर्ड ऐकू येत नाही, टाचण्यांची डबी सांडल्यासारखं वाटतं. कॉर्ड खालून वर, स्वरमंडलावरून बोट फिरवावं तसा, थोडा पसरून वाजवा. किती पसरायचा ते गाण्याच्या लयीवर ठरेल. संथ गाण्यात बराच, ठेक्याच्या गाण्यात अगदी थोडा.

पायाखालचं पेडल

खऱ्या वाद्याला पियानोसारखं सस्टेन पेडल (पट्टी सोडल्यावरही सूर चालू ठेवणारं) नसतं. पेडल दाबून वाजवलं तर सगळे सूर एकमेकांत मिसळतात, आणि आमच्या एकांकिकेतले घुंगरू बहुतेक इथूनच आले. पेडल काढून टाका आणि कॉर्ड बदलेपर्यंत सूर बोटांनीच धरून ठेवा. हार्पसिकॉर्डवादक हेच करतात. आधीच रेकॉर्ड केलं असेल तर मिडीमध्ये (कोणता सूर कधी दाबला-सोडला याच्या नोंदीत) पेडलची माहिती पुसून सुरांची लांबी हाताने ओढा. काम कंटाळवाणं आहे, पण फरक पहिल्याच ओळीत कळतो.

चांगल्या लायब्ररीत (खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या संचात) पट्टी सोडतानाचा "खट्" असा बारीक आवाजही दिलेला असतो. नखी परत खाली जाताना तारेला घासते, त्याचा. तो चालू ठेवा. बरेच जण कचरा समजून बंद करतात आणि वर "आवाज प्लास्टिकचा वाटतो" म्हणून तक्रारही करतात.

किणकिण वाजलं म्हणजे हार्पसिकॉर्ड नव्हे

एखाद्या जुन्या गाण्यातला आवाज हवा असेल, तर आधी तो आवाज कशाचा आहे हे शोधा. नाहीतर चुकीच्या वाद्यावर आठवडाभर डोकं फोडाल. बीटल्सचं 'इन माय लाइफ' (1965) हे ठळक उदाहरण. मधला तुकडा सगळ्यांना हार्पसिकॉर्ड वाटतो, पण तो पियानो आहे. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी टेप अर्ध्या वेगाने चालवून तो सप्तकभर खाली वाजवला, आणि टेप नेहमीच्या वेगाने आली तेव्हा सूर वर गेले. तसा आवाज हवा असेल तर हार्पसिकॉर्डची लायब्ररी विकत घेऊ नका. पियानो निम्म्या वेगाने रेकॉर्ड करा आणि दुप्पट करा. प्रत्येक सुराची लांबी निम्मी होते, सुरुवात टोकदार होते, आणि कान फसतो. कान फसला तोही सुराच्या वेळेनेच, हे गमतीचं आहे.

त्यांच्याच 'फॉर नो वन'मध्ये (1966) क्लॅव्हिकॉर्ड हे आणखी एक जुनं वाद्य आहे, त्यात धातूची छोटी पात तारेला खालून टेकते. स्टीव्ही वंडरच्या 'सुपरस्टिशन'मधला तो कडक रिफ (पुन्हापुन्हा येणारा तुकडा) क्लॅव्हिनेट या विजेवरच्या कीबोर्डचा. आणि 'बिकॉज'मध्ये (1969) मार्टिन यांनी वाजवलाय तो बाल्डविन कंपनीचा विजेवर चालणारा हार्पसिकॉर्ड, त्याचा आवाज लाकडी वाद्यापेक्षा गिटारच्या जवळ जातो.

सगळं राजवाड्यातलं करणं

हार्पसिकॉर्ड म्हटलं की ट्रिल, मुरक्या आणि विग घातलेले सरदार, नाहीतर भुताचा वाडा. पॉपमध्ये तो टिकला तो मात्र ठेक्याचं वाद्य म्हणून. 1940 साली आर्टी शॉच्या छोट्या जॅझ संचात जॉनी ग्वार्निएरी तो वाजवत होते. 1951 साली रोझमेरी क्लूनीच्या 'कम ऑन-अ माय हाउस'मध्ये स्टॅन फ्रीमन यांनी त्यावर चक्क बूगी, म्हणजे नाचऱ्या ठेक्याची जॅझ-ब्लूज शैली, वाजवली. यार्डबर्ड्सच्या 'फॉर युअर लव्ह'ची (1965) सुरुवातच हार्पसिकॉर्डच्या कॉर्डांनी होते. ते वाजवणारे ब्रायन ऑगर मुळात ऑर्गनवादक, पण स्टुडिओत हार्पसिकॉर्ड होता म्हणून तोच वाजवला. अलंकार एकही नाही, नुसते कॉर्ड, आणि गाणं तिथेच पकड घेतं.

माझं आवडतं उदाहरण स्ट्रँगलर्स या ब्रिटिश बँडचं 'गोल्डन ब्राउन'. डेव्ह ग्रीनफील्ड यांचा तो हार्पसिकॉर्डचा तुकडा तीन-तीन-तीन-चार अशा तेरा मात्रांत फिरतो. हातावर मोजून बघा, चौथ्या वेळी हात हमखास चुकतो. आवाज सगळीकडे सारखाच, तरी गाणं झुलतं, कारण झुलवण्याचं काम मात्रा करतात. 1982 मध्ये हे गाणं ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं होतं.

आवाज फारच बारीक वाटत असेल तर गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची युक्ती करा. 'बर्निंग ऑफ द मिडनाइट लॅम्प'मध्ये (1967) हार्पसिकॉर्ड आणि गिटार तीच धून एकत्र वाजवतात. दोन्ही त्यांनीच वाजवलेत.

मिक्स करताना

इथे थोडक्यात सांगतो. हार्पसिकॉर्डचा आवाज वरच्या सुरांनी भरलेला असतो, त्यामुळे तो हाय-हॅट, टॅम्बोरिन, स्टीलच्या तारांची गिटार आणि गायकाचे "स-श" या सगळ्यांशी भांडतो. त्याला वर ढकलू नका, 3 ते 5 किलोहर्ट्झच्या आसपास थोडा खाली घ्या. गिटारचा ठेका आधीच असेल तर दोघांपैकी एकालाच वाजू द्या. डाव्या हाताने खाली जाडजूड कॉर्ड धरू नका, गढूळ होतं. खाली एक सूर पुरे, किंवा तोही बेस गिटारकडे सोपवा. कॉम्प्रेसर (मोठे-लहान आवाज एका पातळीवर आणणारं साधन) शक्यतो नकोच, सगळे सूर आधीच एका उंचीचे आहेत. रिव्हर्ब (खोलीतला घुमारा) छोट्या खोलीचा घ्या. मोठ्या हॉलचा घेतलात तर वर काढून टाकलेलं पेडल मागच्या दाराने परत आलंच म्हणून समजा.

सूर जुळत नाही, कारण समजत नाही

गाणं नीट वाजतंय, पण हार्पसिकॉर्ड जवळजवळ अर्धा सूर खाली? लायब्ररीची सेटिंग उघडा. बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय, संगीतासाठीची वाद्यं हल्ली बहुधा 415 हर्ट्झच्या 'ए'वर लावतात, आणि काही लायब्ररींमध्ये तेच सेटिंग आधीपासून असतं. ते 440, म्हणजे आजचं नेहमीचं, करा. तरीही काही कॉर्ड गोड आणि काही आंबट लागत असतील तर टेम्परामेंट, म्हणजे सप्तकातल्या सुरांमधली अंतरं कशी वाटली आहेत ते, बघा. तिथे मीनटोन किंवा वर्कमाइस्टर अशी एखादी जुनी पद्धत निवडलेली असेल तर इक्वल (सगळी अंतरं सारखी) करा, कारण तुमची गिटार आणि बेस त्याच हिशेबाने लावलेले आहेत.

नशिबाने खरं वाद्य मिळालं, तर सूर लावणारा माणूस दिवसभर थांबवून घ्या. वाद्यातली तारांखालची लाकडी फळी हवेतल्या ओलाव्याने फुगते आणि आकसते. एसी चालू करून, सगळी मंडळी खोलीत येऊन अर्धा तास झाला की मगच सूर लावा, आणि प्रत्येक मोठ्या टेकनंतर (रेकॉर्डिंगच्या फेरीनंतर) पुन्हा तपासा. जेवणाच्या सुट्टीत एसी बंद करू नका.