गवताचं रान, झाडीचा डोंगर, बॅकवॉटरचं बेट: नाशिककडे जमीन घेताना या चुका टाळा

सप्टेंबरातल्या रविवारी इगतपुरी किंवा त्र्यंबकच्या बाजूला जमीन बघायला गेलात, तर ती आवडणारच. गुडघाभर गवत, ओढ्याला खळखळ पाणी, मागे ऐन-जांभळाची झाडी, पुढे धरणाचा फुगवटा. एजंटही नेमका तेव्हाच नेतो. तीच जमीन मे महिन्यात पुन्हा बघा. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात त्याच पट्ट्यातल्या पाड्यांवर पाण्यासाठी पायपीट असते. खाली बेसॉल्टचा कातळ आणि वर वीतभर मुरूम, पाणी थांबणार कुठे? जाताना कुदळ न्या. तीन-चार ठिकाणी खड्डा घ्या. दीड-दोन फुटांच्या आत कातळ लागला, तर तिथे गवत येईल, पण आंब्याची बाग धरायची स्वप्नं सोडा.

सातबाऱ्यावर फक्त नाव बघणं

मालकाचं नाव जुळलं की लोक कागद घडी करून ठेवतात. चराऊ आणि झाडीच्या जमिनीत खरी गोम क्षेत्राच्या रकान्यात असते. समजा गटाचं एकूण क्षेत्र 2.40 हेक्टर आहे. एजंट सांगतो ‘सहा एकर’, आणि हिशेबाने ते बरोबरच आहे, कारण हेक्टरला 2.47 एकर. पण खाली लागवडयोग्य 0.90 आणि पोटखराब 1.50 असं लिहिलेलं असतं. पोटखराबातही दोन वर्ग. ‘अ’ म्हणजे खडक, उतार, शेतीला न चालणारी जमीन. ती तुमचीच, आकारणी मात्र नाही. ‘ब’ म्हणजे नाला, रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक वापरासाठी ठेवलेली. तिला कुंपण घालता येत नाही. दर ठरवताना ‘ब’चं क्षेत्र वजा करूनच बोला.

मग भूधारणा पद्धत बघा. वर्ग 2 असेल तर आधी परवानगी, मग व्यवहार. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीला कलम 43 ची अट असते. 2014 च्या दुरुस्तीनंतर 32 म चं, म्हणजे कुळाने जमीन खरेदी केल्याचं, प्रमाणपत्र मिळून 10 वर्षं झाली असतील, तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या महसूल आकारणीच्या, 40 पट रक्कम भरून ती विकता येते, पण रक्कम भरल्याचं चलन आणि तसा फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, हातात पडल्याशिवाय विसार देऊ नका. तुम्ही स्वतः शेतकरी नसाल, तर शेतजमीन शेतकऱ्यालाच घेऊ देणारं कुळकायद्याचं कलम 63 तुम्हाला आडवं येतं. आणि चार मित्रांनी मिळून अर्धा एकर वाटून घ्यायचा बेत असेल, तर तुकडेबंदी कायद्यात जिरायतीचं प्रमाणभूत, म्हणजे कमीत कमी, क्षेत्र 20 गुंठे आहे, म्हणजे अर्धा एकर, एकालाच पुरेल एवढं.

तीस वर्षांच्या सर्चवर विसंबणं

वकील मालकीच्या कागदांचा साधारण 30 वर्षांचा शोध घेतात. द्राक्षाच्या बागेला तो पुरतो, या पट्ट्यात पुरत नाही. इथले फास त्याहून जुने आहेत.

पहिला फास आदिवासी जमिनीचा. पेठ, सुरगाणा आणि कळवण हे पूर्ण तालुके, शिवाय दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबक आणि बागलाणमधली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. 6 जुलै 1974 पासून जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची, तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने लागते. त्याआधीचे, म्हणजे 1 एप्रिल 1957 पासूनचे व्यवहार 1974 च्या जमीन परत करण्याच्या कायद्यात तपासले गेले. म्हणून फेरफारांची साखळी 1957 पर्यंत मागे न्या. जुने हस्तलिखित फेरफार ऑनलाइन मिळाले नाहीत, तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकला काढा. साखळीत कुठेही आदिवासी खातेदार दिसला की त्याच्या पुढच्या फेरफाराला मंजुरीचा आदेश जोडलेला आहे का, हे बघायचं. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात शेरा नाही म्हणजे बंधन नाही, असं धरू नका; शेरे लावायचे राहून जातात.

इथे हमखास ऐकू येणाऱ्या पळवाटा अशा: ‘99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्या’, ‘मुखत्यारपत्र करून देतो’, ‘गावातल्या एका आदिवासी माणसाच्या नावावर ठेवू’. कलम 36 अ मध्ये भाडेपट्टा आणि गहाणही येतं. 5 वर्षांपर्यंतचा पट्टा करायचा तरी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी. यातली कोणतीही वाट धरलीत, तर पैसे तुमचे आणि जमीन दुसऱ्याची.

दुसरा फास खासगी वनाचा. 30 ऑगस्ट 1975 रोजी महाराष्ट्रातली खासगी वनं कायद्याने शासनाकडे निहित झाली. काही ठिकाणी सातबारा मात्र जुन्याच मालकाच्या नावाने चालू राहिला. इतर हक्कात ‘खासगी वन’ किंवा ‘भारतीय वन अधिनियम कलम 35(3)’ असं काही दिसलं तर तिथेच थांबा. या कलमाची नुसती नोटीस निघाली, पण मालकाला बजावलीच नाही, तर जमीन वन ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गोदरेज अँड बॉइसच्या प्रकरणात म्हटलं आहे. विकणारा तो निकाल तुमच्यापुढे नाचवेल. त्याला एवढंच सांगा, तुझ्या गटाचा शेरा आधी कमी करून आण. ते काम त्याचं आहे, ते विकत घेऊ नका.

शेरा नसला तरी झाडी दाट असेल, तर गट क्रमांक लिहून उपवनसंरक्षक कार्यालयाला लेखी विचारा: हा गट राखीव, संरक्षित, संपादित किंवा खासगी वनात येतो का? लेखी उत्तर येईपर्यंत थांबायचं. तोंडी ‘काही प्रॉब्लेम नाही’ला किंमत नाही.

जे विकताच येत नाही, ते विकत घेणं

गायरान, वनपट्टा आणि गाळपेर या तिन्हींचे व्यवहार साध्या स्टॅम्प पेपरवर होत असतात. गायरान सरकारच्या मालकीचं, गुरांसाठी नेमून दिलेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग निकालानंतर राज्यानेही अतिक्रमणांविरुद्ध आदेश काढला, त्यामुळे ‘वीस वर्षांचा कब्जा आहे’ हे वाक्य आता धोक्याचं. वनहक्क कायद्याचा पट्टा वारसाला मिळतो, विकता येत नाही. कलम 4(4) मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. गाळपेर म्हणजे धरणाचं पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन. ती जलसंपदा विभाग हंगामापुरती कसायला देतो. पुढच्या पावसाळ्यात तिच्यावर पाणी असतं.

बॅकवॉटरचं ‘बेट’

गंगापूर, मुकणे, दारणा, अप्पर वैतरणा, कोणत्याही धरणाच्या फुगवट्यात काही टेकाडं अशी आहेत की भरल्या धरणात त्यांना तिन्ही बाजूंनी, काहींना चारही बाजूंनी पाणी लागतं. जाहिरातीत याला बेट म्हणतात आणि दर दुप्पट होतो.

इथली सगळ्यात महागडी चूक म्हणजे संपादित क्षेत्र विकत घेणं. धरणासाठी जमीन घेतली, मोबदला दिला, पण कमी-जास्त पत्रक, म्हणजे कजाप, झालंच नाही, अशी उदाहरणं आहेत. अशा वेळी सातबाऱ्यावर मूळ शेतकऱ्याचं पूर्ण क्षेत्र तसंच राहतं. गटाचा संपादन निवाडा आणि संयुक्त मोजणीचा नकाशा धरणाच्या शाखा कार्यालयातून मागा आणि सातबाऱ्याचं क्षेत्र त्याच्याशी ताडून बघा. संपादनाची हद्द पाण्याच्या कडेला असते असं समजू नका. ती बहुतेकदा पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे भरलेल्या धरणातल्या पाण्याच्या पातळीच्या, वर असते. तुम्हाला आवडलेली काठाची झाडी बऱ्याचदा सरकारचीच निघते.

दुसरी गोष्ट रस्त्याची. उन्हाळ्यात जीप ज्या वाटेने टेकाडावर जाते, ती वाट संपादित जमिनीतून जाते आणि ऑक्टोबरात पाण्याखाली असते. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदार शेजाऱ्याच्या बांधावरून रस्ता देऊ शकतात, पण पाण्यातून देणार नाहीत. त्यामुळे धरण पूर्ण भरलेलं असताना एकदा चालत जाऊन या, गावनकाशावर वाट आहे का ते बघा. आणि काठावर मोटार टाकून पाणी उचलायलाही परवानगी लागते, हे व्यवहाराआधी माहीत असू द्या.

रान रिकामं आहे असं समजणं

हे कागदावर दिसत नाही, जमिनीवर दिसतं. ऐनाची झाडं माणसाच्या उंचीपासून वर बोडकी केलेली, फांद्या दरवर्षी छाटलेल्या दिसल्या, तर तिथे राबाची वहिवाट आहे. भात-नागलीची रोपं टाकायच्या जागेवर फांद्या-पालापाचोळा पसरून उन्हाळ्यात जाळतात, त्याला राब म्हणतात. त्यासाठी राखलेली ती वरकस जमीन. शेणाच्या गोवऱ्या, गुरांच्या पायवाटा, मधोमध जाणारी सरपणाची वाट, हे सगळं बघत फिरा. कुंपण घातल्या दिवशी भांडण सुरू होतं ते याच वाटांवरून. गावच्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांच्या नोंदवहीत, चराईची किंवा वाटेची नोंद आहे का, ते तलाठ्याकडे, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, बघून घ्या. पोलीसपाटलांशी आणि शेजारच्या खातेदाराशी बोलल्याशिवाय विसार देणं म्हणजे आमच्या मते निव्वळ उतावीळपणा.

झाडांची किंमत आधीच मोजणं

‘सागाची दोनशे झाडं आहेत, त्यातच पैसे निघतील’ हा हिशेब धरू नका. साग, खैर, ऐन, मोह, हिरडा, बिजा, हळदू, तिवस, जांभूळ, आंबा, फणस, चिंच ही 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यातली अनुसूचित झाडं. परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना वेगळा. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नसेल, तर परवानगीच्या वेळी ती तुमचीच आहेत हे दाखवताना दमछाक होते. विकणाऱ्याकडूनच नोंद करून घ्या. झाडं मोजताना छातीच्या उंचीवर, 1.37 मीटरवर, टेपने घेर घ्या. दोनशेतली दीडशे मनगटाएवढी निघतात.

गुरं किती बसतील, हे अंदाजाने धरणं

चराऊ रानाचं मोजमाप सोपं आहे, तरी कोणी करत नाही. सप्टेंबरअखेर, गवत फुलोऱ्यात असताना, एक मीटर बाय एक मीटरची चौकट ठेवा, आतलं गवत जमिनीपासून चार बोटं वर कापा, वाळवा, वजन करा. आठ-दहा ठिकाणी असं करून सरासरी काढा. ग्रॅमला दहाने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. 200 ग्रॅम आले तर हेक्टरी 2000 किलो. त्यातलं निम्मंच वापरायचं, नाहीतर दोन-तीन वर्षांत मारवेल, पवना जाऊन नुसतं कुसळी उरतं. साडेतीनशे किलोची डांगी गाय दिवसाला 9 किलोच्या आसपास सुका चारा खाते, म्हणजे वर्षाला सव्वातीन टन. थोडक्यात, वर्षभर एका गाईला असं तीन हेक्टरच्या वर रान लागतं. ‘दहा एकरात वीस गाई’ म्हणणाऱ्याला हे गणित दाखवा.

पैसे आधी, मोजणी नंतर

विसार थोडका द्या आणि पावतीत मोजणीची अट लिहा. भूमी अभिलेखची सरकारी मोजणी साठेखताच्या, म्हणजे खरेदीआधीच्या कराराच्या, आधी, विकणाऱ्याच्या अर्जाने आणि शेजाऱ्यांना नोटिसा देऊन झालेली हवी. उताराच्या जमिनीत बांध कुठे, हे कुणालाच नीट माहीत नसतं. वारसांत बहिणी असतील तर त्यांच्या सह्या हव्यातच. जाहीर नोटीस स्थानिक पेपरात द्या. साठेखत नोंदणीकृतच करा. खरेदीनंतर 15 दिवसांच्या हरकतीच्या नोटिशीनंतर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. त्याचा पाठपुरावा स्वतः करा, एजंटचा फोन तोवर बंद झालेला असतो.

नावावर झाली की पहिलं काम नोव्हेंबरात. गवत पुरतं वाळायच्या आत हद्दीला धरून पाच मीटरचा पट्टा कापून साफ करा. ही जाळरेषा काढायची राहून गेली, तर फेब्रुवारीनंतर शेजारच्या डोंगरावरून आलेला वणवा एका दुपारी सगळं रान आणि सागाची रोपं घेऊन जातो.