घरच्या कॉम्प्युटरवर मर्सेन प्राइम शोधायचंय? प्राइम९५ नीट कसं लावायचं

मर्सेन प्राइम म्हणजे २ चा अमुक घात वजा १ अशी मूळ संख्या, आजवर फक्त ५२ सापडल्यात आणि त्यातल्या शेवटच्या १८ गिंप्स या प्रोजेक्टने शोधल्यात, जो जॉर्ज वोल्टमनने १९९६ मध्ये सुरू केला. सगळ्यात मोठी सापडली ऑक्टोबर २०२४ मध्ये, घातांक १३,६२,७९,८४१, आकडे ४ कोटी १० लाखांच्या वर. त्याआधीची डिसेंबर २०१८ ची होती, म्हणजे मध्ये जवळजवळ सहा वर्षं जगभरातल्या मशीन्स चालू असून काहीच सापडलं नव्हतं. तेव्हा बक्षिसासाठी येऊ नका (ते आहे, ३००० डॉलर), पण प्रत्येक घातांक कोणीतरी तपासल्याशिवाय यादी पुढे सरकत नाही आणि ते काम आपल्या घरच्या पीसीला खरंच जमतं, म्हणून मला हे मनापासून आवडतं.

सॉफ्टवेअरचं नाव प्राइम९५, लिनक्सवर एमप्राइम. गिंप्सच्या साइटवर खातं उघडा, झिप उतरवा, वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा, चालवा. पहिल्यांदा विचारेल की गिंप्सला जॉइन करायचंय की नुसती स्ट्रेस टेस्ट (मशीनला पूर्ण ताण देऊन चुका होतात का ते बघणं, प्रोग्रॅममध्ये हिलाच टॉर्चर टेस्ट म्हणतात). लगेच जॉइन करू नका, आधी स्ट्रेस टेस्टच घ्या.

कारण इथे एकच चुकलेला बिट म्हणजे आठवडाभराचं गणित वाया. टॉर्चर टेस्टमध्ये ब्लेंड निवडा आणि रात्रभर, जमलं तर पूर्ण दिवस चालू द्या. राउंडिंग एररचा किंवा हार्डवेअर फेल्युअरचा मेसेज आला तर ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेग) काढा, बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायचं सेटिंग) बंद करा, पुन्हा टेस्ट घ्या. गेम नीट चालतात म्हणजे मशीन ठीक आहे असं अजिबात धरू नका, हे सॉफ्टवेअर प्रोसेसरला इतकं पिळतं की २०१६ च्या सुरुवातीला इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला एक बग याच्यामुळेच उघडकीला आला आणि इंटेलला बायोस अपडेटने तो दुरुस्त करावा लागला.

मग टेंपरेचर. ८५ अंश सेल्सियसच्या वर सतत राहत असेल तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० ची ९९ टक्के करा, टर्बो बंद होतो, टेंपरेचर चांगलंच उतरतं आणि स्पीड वाटतो तेवढा जात नाही, कारण या कामात बऱ्याचदा प्रोसेसरच रॅमची वाट बघत बसलेला असतो. म्हणूनच रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी टाका, ड्युअल चॅनलने जो फरक पडतो तो सेटिंगने पडत नाही. लॅपटॉप असेल तर बॅटरीवर चालवायचं ऑप्शन बंद ठेवा, आणि एप्रिल-मे मध्ये विदर्भ-मराठवाड्यात एसीशिवाय दिवसा चालवूच नका, रात्री चालवा.

आता जॉइन करा. वर्कर (एका वेळी एक घातांक तपासणारा भाग) किती असं विचारेल, बहुतेक घरगुती मशीनवर एकच वर्कर आणि त्याला सगळे कोअर हे बरं पडतं, शंका असेल तर आतच बेंचमार्क आहे तो चालवून बघा. कामाच्या प्रकारात सुरुवातीला डबल-चेक (आधी झालेली टेस्ट पुन्हा करून पडताळणं) घ्या, घातांक लहान असतात, लवकर संपतं. नंतर फर्स्ट टाइम पीआरपी टेस्ट (नवा घातांक पहिल्यांदाच तपासणं), ती नव्या आठ कोअरवर काही दिवसांत होते, जुन्या लॅपटॉपला कित्येक आठवडे लागतात. १० कोटी आकड्यांवालं काम घरी घेऊ नका, दीड लाख डॉलरचं बक्षीस बघून लोक घेतात आणि महिनोन् महिने अडकून अर्धवट सोडतात. ट्रायल फॅक्टरिंग (लहान भाजक शोधून संख्या आधीच बाद करणं) सीपीयूवर करू नका, ते ग्राफिक्स कार्डचं काम, त्याला एमफॅक्टसी हा प्रोग्रॅम वापरा.

रिसोर्स लिमिट्स हे पान मात्र नीट भरा. पी-१ फॅक्टरिंगला (भाजक शोधायची आणखी एक पद्धत) मेमरी जितकी द्याल तितकं चांगलं, १६ जीबी असेल तर रात्री ८ आणि दिवसा २-३ द्या. डिस्कची टेंपररी जागा डिफॉल्ट ६ जीबी असते, ती कमी करू नका आणि त्या फाइल्स क्लीनरने उडवू नका, कारण त्यातूनच शेवटी प्रूफ फाइल (टेस्ट बरोबर झाल्याचा पुरावा) बनते. पूर्वी प्रत्येक टेस्ट दुसऱ्या कोणीतरी पहिल्यापासून पूर्ण करून पडताळायची, २०२० पासून प्रूफ असेल तर एक टक्क्याहूनही कमी कामात पडताळणी होते, म्हणजे तुमची प्रूफ गेली तर दुसऱ्या कोणाचे कित्येक दिवस जातात. फाइल शंभर एमबीच्या वर असते, अपलोडची वेळ आणि स्पीड तिथेच ठरवता येतो.

लाइट गेली तर घाबरू नका, दर अर्ध्या तासाला सेव्ह होतं. बिलाचा हिशोब मात्र आधी करा: १०० वॉट जादा चोवीस तास म्हणजे रोज २.४ युनिट, महिन्याला ७२, आणि महावितरणचे १००, ३०० चे टप्पे ओलांडले की पुढच्या युनिटचा दर चढतो. फक्त रात्री आठ तास चालवलं तर २४ युनिट. ऑफिसच्या मशीनवर परवानगीशिवाय लावू नका, वीज त्यांची आहे.

आणि कधी थांबायचं ठरलं तर प्रोग्रॅम नुसता डिलीट करू नका. साइटवर आपल्या असाइनमेंटच्या पानावर जाऊन घातांक अनरिझर्व्ह करा, नाहीतर मुदत संपेपर्यंत तो तुमच्या नावावर अडकून राहतो आणि दुसऱ्याला मिळत नाही.