उस्तादासोबत की एकट्याने? ट्रकवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

हेवी लायसन्स हातात पडलं की हा प्रश्न आठवड्याच्या आतच समोर येतो. एक मालक म्हणतो, "गाडी उभी आहे, उद्यापासून घेऊन जा." दुसरा म्हणतो, "आधी आमच्या जुन्या ड्रायव्हरबरोबर फिर, मग बघू." पहिल्याकडे पूर्ण पगार आणि पूर्ण भत्ता. दुसऱ्याकडे क्लीनरपेक्षा थोडा जास्त, वर उस्तादाचा चहा आणायचा तो वेगळाच. घरी हप्ते चालू असतील तर पोरगं पहिल्याकडेच जातं, आणि त्यात त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही.

माझं उत्तर मात्र ठरलेलं आहे. लहान गाडी एकट्याने चालवा, मोठी उस्तादासोबत. आणि मोठ्या गाडीवर एक अख्खा पावसाळा कोणीतरी शेजारी हवं. चाकण–बेंगळुरू लाइनवर बरीच वर्षं काढली, आता नव्या मुलांच्या शेजारी क्लीनर साइडला बसायचं काम करतो, त्यातून हे मत झालं आहे.

आधी लायसन्सचं. साधं लाइट मोटरचं लायसन्स १८ व्या वर्षी मिळतं. ट्रान्सपोर्टचं हवं तर वय २० पूर्ण लागतं आणि लाइटचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं. सोबत ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे शिकल्याचा दाखला. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्यांनी एजंटाच्या भूलथापांना बळी पडू नये. लर्निंगवर असताना शेजारी शिकवणारा माणूस बसवा, असं कायदा सांगतो. पक्कं लायसन्स आलं की कायद्याचा हा आग्रह संपला. म्हणजे मैदानात रिकाम्या ट्रकवर चाचणी दिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी भरलेली २८ टनी दहाचाकी घेऊन घाटात गेला, तर कागदोपत्री सगळं बरोबर असतं. पुण्यात कासारवाडीला आयडीटीआर ही ड्रायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, तिथे शिकायची संधी मिळाली तर सोडू नका. पण संस्था म्हणजे लाइन नव्हे.

लहान गाडीचा रस्ता मला पसंत आहे. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिला, की लाइट मोटरच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. छोटा हत्ती, पिकअप, टाटा ४०७ यात बसतात. वीस वर्षांचे होईपर्यंत क्लीनर साइडला झोपा काढण्यापेक्षा ही गाडी घ्या. मार्केट यार्डाच्या गर्दीत मागे घेणं, आरसे वाचणं, हमालांशी वराईवरून (माल चढ-उताराच्या मजुरीवरून) बोलणं, बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) सही-शिक्का घेतल्याशिवाय गाडी न हलवणं, हे सगळं तिथे एकट्याने शिकता येतं. नुकसान झालंच तर बंपरचं होतं.

मोठ्या गाडीचं तसं नाही, आणि त्याचं मुख्य कारण ब्रेक. कारवाल्याला वाटतं ब्रेक म्हणजे पायाखालचं पेडल. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो, ती हवा कॉम्प्रेसर भरतो आणि कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद केलंत की टाकीत उरली तेवढीच हवा; चार-सहा वेळा पाय दाबला की संपत आली. स्टिअरिंगही लाकडासारखं जड होतं. इंजिन चालू ठेवून नुसतं न्यूट्रल केलंत तरी इंजिनाची ओढ गेली, सगळा भार चाकातल्या ब्रेकच्या ड्रमवर आला. लांब उतारावर ड्रम तापतात, लायनरची पकड जाते, वास येतो, आणि मग पेडल दाबूनही गाडी जुमानत नाही. "ब्रेक फेल झाला" म्हणून जे छापून येतं, त्यात पुष्कळदा ब्रेक तापवून मारलेला असतो.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्यातल्या नवले पुलाकडे येणारा उतार या लाइनवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दिसायला तो घाट वाटतच नाही. रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता, समोर शहराचे दिवे. सातारा सोडून दमून आलेल्या माणसाला तिथे पाय सैल सोडावासा वाटतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथेच एका ट्रकने पुढच्या गाड्या रांगेने ठोकत नेल्या. चालकाने इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असं पोलिसांनी सांगितलं. नंतरही तिथे अपघात थांबलेले नाहीत.

आता, माणूस न्यूट्रल का करतो? अडाणी असतो म्हणून नव्हे. कित्येक मालक ट्रिपला डिझेल ठरवून देतात. त्यात जे वाचलं ते ड्रायव्हरचं. कमी पगाराच्या माणसाला उतार म्हणजे फुकटची कमाई दिसते. गंमत अशी की आताच्या इंजिनांना गिअरमध्ये, रेसवरून पाय काढून उतरताना डिझेल जवळपास लागतच नाही. पंप पुरवठा तोडतो. उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते थोडं जळतंच. म्हणजे इंजिन चालू ठेवून न्यूट्रल मारणारा पैसेही वाचवत नाही. पण ही खोड जुन्या गाड्यांवर लागली आणि उस्तादाकडून पोराकडे चालत आली.

म्हणून "उस्तादासोबत जा" एवढं सांगून माझं भागत नाही. उस्ताद चुकीचा भेटला तर त्यापेक्षा एकटं जाणं बरं, असंही मी म्हणेन. पारखायचा कसा? पहिल्याच ट्रिपला उताराच्या तोंडाशी त्याचा हात कुठे जातो ते पाहा. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली घेतो, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) लावतो, मागच्यांच्या हॉर्नची पर्वा करत नाही, तो कामाचा माणूस. ज्या गिअरमध्ये हा डोंगर चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, हा जुना हिशेब त्याच्या अंगात असतो. सकाळी निघण्यापूर्वी टायर ठोकून पाहतो का, हवेचा काटा वर येईपर्यंत थांबतो का, ताडपत्रीचा दोर स्वतः ओढून बघतो का, हेही पाहा. आणि दारूचा वास आला तर पुढच्या ढाब्यावर उतरून एसटी पकडा.

आणखी एक. रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद म्हणतो, "घे जरा, मी डोळा लावतो." तुमच्याकडे हेवी लायसन्स असेल तर हीच खरी शाळा. नसेल तर स्टिअरिंगला हात लावू नका, कितीही आग्रह केला तरी. विनालायसन्स माणसाच्या हाती गाडी देणाऱ्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करायला जाते. मग मालक तुम्हाला शोधत येतो.

पावसाळ्याचा हट्ट मी का धरतो? पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं आणि रिकामी गाडी भरलेल्यापेक्षा जास्त घसरते, हे सांगून कोणाला पटत नाही. आंबा घाटात धुकं उतरलं की पुढच्या गाडीचे लाल दिवे दहा पावलांवर दिसतात. अशा वेळी थांबायचं की जायचं, हे ठरवणारा माणूस शेजारी असावा. थांबणं हे कौशल्याचं काम आहे. नवा मुलगा थांबत नाही, कारण मालकाचा फोन चालू असतो.

कागदांचं थोडक्यात सांगतो. ई-वे बिलाची (माल नेण्यासाठीच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. गाडी बिघडली किंवा दुसऱ्या गाडीत माल टाकला, तर बिलात गाडी नंबर बदलून घ्यावा लागतो. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्यातच ती वाढवता येते. हे काम ऑफिसचं, पण रस्त्यात अडकतो ड्रायव्हर. माल भरल्यावर वजनकाट्याची पावती खिशात ठेवा. पासिंगपेक्षा (गाडीला मंजूर वजनापेक्षा) जास्त माल भरला असेल तर निघण्याआधीच बोला. एकदा निघालात की तो तुमचा माल झाला. पहिल्या नोकरीत मालकाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, खरं आहे. जुना उस्ताद ते दोन शब्दांत म्हणतो आणि मालक ऐकतो. तो कसा बोलतो ते ऐकून ठेवा, गिअर बदलण्याइतकंच ते उपयोगी पडतं.

एकटं कधी निघायचं? उस्ताद शेजारी गाढ झोपायला लागला की, असं आमच्यात गमतीने म्हणतात, पण काही उस्ताद कशातही झोपतात. माझी कसोटी निराळी. शेवटच्या दोन-चार ट्रिपांना त्याला सांगा, की तुम्ही बोलायचं नाही. रस्ता, थांबे, डिझेल, कागद, पार्किंग, सगळं मी ठरवणार. माल उतरवून ट्रिप संपल्यावर त्याला विचारा, कुठे कुठे तोंड उघडावंसं वाटलं. उतारावर किंवा ओव्हरटेकला वाटलं असेल तर अजून थांबा. पार्किंगला वाटलं असेल तर निघायला हरकत नाही.

नॅशनल परमिटच्या गाडीवर पूर्वी दोन ड्रायव्हर लागायचे, क्लीनर वेगळा. आता बरेच मालक एकावरच भागवतात, क्लीनरही देत नाहीत. त्यामुळे एकट्याने सुरुवात करताना मालकाशी आधी तीन गोष्टी ठरवून घ्या. पहिल्या ट्रिपा ओळखीच्याच लाइनच्या हव्यात. रात्री झोपायला गाडी लावली तर फोनवरून शिव्या नकोत. आणि डिझेल ठरवून न देता प्रत्यक्ष लागेल तेवढं मिळावं, निदान सुरुवातीचे काही महिने. तिसरी गोष्ट ऐकून जो मालक हसेल, त्याची गाडी घेऊ नका. चाकणला दुसरा मालक मिळतो.