काळी दोनचा ट्रॉम्बोन

नाशिकरोडच्या वराती-मिरवणुकांत मी आठ वर्षं टेनर ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीचं पितळी वाद्य, वाजवला. त्याचा लहान, चढ्या सुराचा भाऊ आल्टो हातात आला तेव्हा वाटलं, लहान वाद्य आहे, महिन्याभरात बसेल. पहिल्या दिवशी साधी सरगमही सुरात लागली नाही. म्हणून नव्याने शिकणाऱ्याला माझं सांगणं एकच: पुस्तकांच्या आधी मोबाइलवर तानपुरा घ्या.

पेटीवाल्यांच्या भाषेत टेनर काळी पाचचा (बी फ्लॅट), आल्टो काळी दोनचा (ई फ्लॅट). याची नळी टेनरच्या पाऊणपट, त्यामुळे स्लाइडच्या, म्हणजे सरकत्या नळीच्या, सात पोझिशनमधली (थांबायच्या जागांमधली) अंतरंही पाऊणपटच. हाताला सवय टेनरची. दुसरी पोझिशन हमखास पुढे जाते आणि सूर उतरतो. शिवाय जागाही बदलतात. मधला बी फ्लॅट दोन्ही वाद्यांवर पहिल्या पोझिशनला मिळतो, पण ई फ्लॅट टेनरवर तिसऱ्या आणि इथे पहिल्या! तानपुरा काळी दोनवर लावून एकेक सूर लांब धरा, डोळे मिटून. कानाने जागा सापडली की हात आपोआप तिथे जातो. मी रोज 20 मिनिटं एवढंच करायचो, दोन महिने.

मग स्टाफ नोटेशनचं वाचन. कोणत्या रेघेवर कोणता सूर हे सुरुवातीचं चिन्ह, क्लेफ, सांगतं. आल्टो क्लेफमध्ये मधल्या रेघेवर मधली सी असते. बेस क्लेफची सवय असलेल्याला हे फार नडतं, आणि मनातल्या मनात सूर सरकवण्याची युक्ती वेगात फसते. ट्रॉम्बोनवादक रोशूच्या 1928 च्या मेलोडियस एट्यूड्स (सरावाच्या रचना) मुळात गायनशिक्षक बोर्दोन्यीच्या गायनाच्या धड्यांवरून केलेल्या, छापलेल्या बेस क्लेफमध्ये. त्यातल्या सोप्या पाच मी वहीत हाताने आल्टो क्लेफमध्ये उतरवल्या. त्या पाच धड्यांनी जे शिकवलं, ते विकतच्या कुठल्याच वहीने शिकवलं नाही. जिभेच्या कामासाठी आर्बानचं सरावाचं पुस्तक पुरे.

वरचे सूर आल्टोवर फुकट मिळतात, हा समज मनातून काढा. वरचा बी फ्लॅट टेनरवर आठवा हार्मोनिक (एकाच पोझिशनमध्ये ओठांनी निघणाऱ्या सुरांपैकी आठवा), आल्टोवर सहावा. शेजारचे सूर लांब असल्याने निशाण चुकत नाही, इतकंच. ओठांची ताकद तुमचीच लागते. माउथपीसची, म्हणजे ओठांना लावायच्या तुकड्याची, कड टेनरसारखीच ठेवा, वाटी थोडी उथळ घ्या, आणि ओठांवर दाबू नका.

हे सगळं बसलं की संगीतकार आल्ब्रेख्ट्सबर्गरचा आल्टो ट्रॉम्बोनसाठीचा 1769 चा कन्चेर्टो (वाद्यवृंदाच्या साथीची एकल रचना) काढा, अगदी संथ. बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीच्या शेवटच्या भागातला पहिला ट्रॉम्बोनही आल्टोसाठीच लिहिलेला आहे; तो ऐकत राहा, वाजवायची घाई नको.

डिसेंबरात निफाडचा पारा उतरतो तसा आपल्याकडे पितळेचा सूरही उतरतो. पहाटे गोदाकाठी रियाजाला बसलात, तर आधी दहा मिनिटं नुसती हवा फुंकून नळी गरम करा, मगच तानपुरा लावा.