घरच्या म्हाताऱ्या माणसाला दुखण्याची गोळी देताना काय काय पाहायचं

तालुक्याच्या मेडिकलवर काउंटरमागे उभं राहिलं की एक वाक्य दिवसभर ऐकू येते, "त्या गुडघ्याच्या गोळ्या द्या ना भाऊ, मांगच्या वेळी नेल्या होत्या त्या." कोणत्या गोळ्या, कोणासाठी, त्या माणसाला बीपी आहे का किडनीचा त्रास आहे, काही माहीत नाही. कापूस वेचणी लागली की तर विचारूच नका, अर्ध्या गावाची कंबर धरलेली असते. आता दुखणं दाबायची गोळी काही विष नाही, पण जो बुढा माणूस आधीच बीपी-शुगरच्या चार गोळ्या खातो त्याच्यासाठी ही बिनाचिठ्ठीची पाचवी गोळीच सगळ्यात जास्त घोळ करते. म्हणून घरी कसं करायचं ते एकेक सांगतो.

1. आधी घरातल्या सगळ्या गोळ्या बाहेर काढा

उशीखालच्या, देव्हाऱ्यातल्या, टीव्हीमागच्या, लुगड्याच्या गाठीतल्या, सगळ्या. बाजेवर ओता आणि तीन ढीग करा: आता चालू असलेल्या, डॉक्टरनं बंद केलेल्या, आणि कायच्या आहेत हे कोणालेच माहीत नसलेल्या. तिसरा ढीग परत पिशवीत टाकायचा नाही, मेडिकलवर नाहीतर उपकेंद्रात नेऊन दाखवायचा.

मग प्रत्येक पाकिटावरचं नाव वाचा, मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव नाही, त्याच्याजवळ बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असते ते. नातवाला चष्म्याशिवाय वाचता येते, त्याला बसवा. हे काहून करायचं तर बीपीची अम्लोडिपिन सरकारी दवाखान्यातून एका पाकिटात मिळते आणि प्रायव्हेट डॉक्टर तीच दुसऱ्या नावाने लिहून देतो, बुढी दोन्ही खाते, रंग वेगळा म्हणजे गोळी वेगळी असं तिला वाटते. मग उठली की चक्कर, पायावर सूज, आणि घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, सलाईन लावा.

पाकीट फाडताना नाव आणि एक्स्पायरीची बाजू शेवटपर्यंत ठेवा, दुसऱ्या टोकाकडून गोळ्या काढत या. वाचता येत नसेल तर स्केचपेननं सकाळच्या पाकिटावर सूर्य, रात्रीच्या पाकिटावर चंद्र काढून द्या. शंभर पानी वहीत सगळी नावं, कायसाठी आणि कधी, एवढं लिहून ठेवा. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम द्यायच्या नाहीत.

2. दुखणं नीट विचारा

"दुखते का?" विचारलं तर बुढा "हाव" म्हणेल नाहीतर "काही नाही होत" म्हणेल, दोन्हीचा उपयोग नाही. बोटानं जागा दाखवायला सांगा. ठणकते, चमक मारते, आग होते का मुंग्या येतात ते विचारा. शुगरवाल्याच्या दोन्ही तळपायांची आग होते, मुंग्या येतात, तेव्हा बहुतेक शिरांचा (नर्व्हचा) त्रास असतो, त्याला साधी दुखण्याची गोळी फारशी लागू पडत नाही, औषध वेगळं असते.

डॉक्टर लोक शून्य ते दहा आकड्यात विचारतात, आपल्या बुढ्यांना ते जमत नाही. आण्यात विचारा. सोळा आण्यातून किती आणे दुखते? बरोबर सांगतात, "काल बारा आणे होतं, आज आठ आणे आहे." गोळीच्या आधी किती आणे आणि तासाभराने किती, वहीत टाका. चार दिवसांत कळते की गोळी कामाची आहे का नुसतीच पोटात चालली आहे.

काही दुखण्यांत विचारत बसायचं नाही. छाती दाबल्यासारखी होऊन घाम सुटला, जबड्यात नाहीतर डाव्या हातात कळ गेली, तर गॅस झाला म्हणून सोडा पाजत बसू नका, 108 ला फोन करा. शुगरवाल्याला कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो आणि घाम येतो, तेही तेवढंच गंभीर. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, अचानक डोकं फुटल्यासारखं दुखलं, किंवा कंबरदुखीसोबत पायातली ताकद गेली, लघवी अडली, तर तसंच.

3. शेक द्या, पण पाहून

जुन्या गुडघे-कंबरेला गरम शेक बरा. ताज्या मुरगळीला बर्फ, कपड्यात गुंडाळून 15-20 मिनिटं. शुगरवाल्याच्या पायाला मात्र शेक देऊच नका, त्याला चटका कळत नाही, फोड येतो आणि मग ती जखम महिनोन्‌महिने चिघळत राहते. कंबर धरली म्हणून दिवसच्या दिवस बाजेवर पडून राहणंही चांगलं नाही, झेपेल तेवढं चालू द्या.

4. गोळी द्यायचीच तर आधी पॅरासिटामॉल

500 ची एक गोळी, परत लागली तर सहा तासांनी. धडधाकट मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर कधीच नाही, म्हणजे 500 च्या आठ. म्हाताऱ्या, वाळलेल्या माणसाला मी 3 ग्रॅमच्या आतच ठेवायला सांगतो, आणि रोज घेणारा असेल किंवा कधी कावीळ-लिव्हरचा त्रास झाला असेल तर 2 ग्रॅमच्या वर नाही, तेही डॉक्टरला विचारून. गंमत अशी की सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असते, अंगदुखीच्या जोडगोळीत असते, तापाची तर तीच. तिन्ही एका दिवशी खाल्ल्या तर बेरीज कोण करणार?

5. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन जरा जपून

हीच ती "गुडघ्याची गोळी". आराम लवकर पडतो म्हणून लोकांची लाडकी. पण ही पोटात अल्सर करते, बीपी वाढवते आणि किडनीवर ताण आणते. किडनीचा त्रास, हार्टचा पेशंट, आधी अल्सर झालेला, रक्त पातळ करायच्या गोळीवाला, गरोदर बाई, यांना डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. बीपीची टेल्मिसार्टन, सोबत लघवी जास्त करणारी पाण्याची गोळी आणि वरून ही, अशी तिन्ही एकत्र आली की किडनी बसू शकते, आणि आपल्याकडे मे महिन्यात 45 च्या वर ऊन, दिवसभर घाम, पाणी कमी, मग तर धोका आणखीच. जुलाब-उलट्या चालू असतानाही देऊ नका.

"सोबत ॲसिडिटीची गोळी खातो ना" असं लय जण सांगतात. त्यानं पोट बऱ्यापैकी सांभाळल्या जाते, किडनीला त्याचा काही उपयोग नाही. सुई मारली तर पोटाला त्रास नाही हाही गैरसमज, औषध रक्तातूनच काम करते. शी डांबरासारखी काळी झाली तर गोळी बंद आणि सरळ दवाखाना. (जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये बंदी आली ती गिधाडांमुळे, औषध दिलेलं मेलेलं ढोर खाऊन त्यांच्या किडन्या जात होत्या. म्हणून गोठ्यातली सुई घरात आणि घरातली गोठ्यात, दोन्ही बंद.)

नुसता गुडघाच दुखत असेल तर डायक्लोफिनॅकचा जेल चोळा, रक्तात फार थोडं जाते. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, बाकीच्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या लेकरांना 2011 पासून बंदच आहे, तरी जुनी बाटली घरात असेल तर फेकून द्या.

6. बिनानावाची पुडी

बाजाराच्या दिवशी कागदात बांधून मिळते ती. एका दिवसात बुढी पळायला लागली तर खुश होऊ नका, अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. महिने-दोन महिने खाल्ली की चेहरा गोल सुजतो, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पण बरेच दिवस चालू असेल तर घाबरून एकदम बंदही करू नका, त्यानं माणूस आडवा होऊ शकते. पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा.

7. शुगर आणि सिकलसेल असलेल्या घरात

दुखण्यानं जेवण गेलं किंवा चतुर्थीचा उपास धरला आणि शुगरची ग्लिमेपिराइड गोळी नाहीतर इन्सुलिन नेहमीसारखं घेतलं, की शुगर उतरते. हात थरथरतात, गार घाम येतो, माणूस असंबद्ध बोलतो. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी परत पाहा. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीच टाकू नका, 108. फ्रिज नसेल तर इन्सुलिन प्लास्टिकच्या डब्यात बंद करून सावलीतल्या ओल्या मडक्यात ठेवा, लाइट गेली तरी चालते. उघडलेली बाटली साधारण चार आठवडेच वापरायची.

सिकलसेल म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा, आईबापाकडून येणारा आजार. त्याच्या पेशंटची कळ खरीच जीवघेणी असते, नाटक नाही. भरपूर पाणी, ऊब, पॅरासिटामॉल, आणि सिकलसेलचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू असेल तर स्वतःच्या मनानं बंद नाही. बर्फ लावायचा नाही. ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखलं, श्वास लागला तर त्याच दिवशी दवाखाना, उद्याच्या एसटीची वाट पाहू नका.

8. दवाखान्यात जाताना

वही घ्या आणि पाकिटं पिशवीसकट घ्या. उपकेंद्रात बीपी-शुगर फुकट तपासतात, दुखण्याच्या गोळ्या सतत चालू असतील तर किडनीची क्रिएटिनिनची तपासणी करायची का तेही विचारा. मालिशचं तेल, जडीबुटी, पुडी, दारू, खर्रा, सगळं सांगा, डॉक्टर रागावला तर रागावू द्या. आणि नवी गोळी दिली तर निघायच्या आधी एवढं विचारून घ्या की आधीची कोणती बंद करायची, कारण ते आपण विचारलं नाही तर बरेचदा कोणीच सांगत नाही.