मराठवाड्यात नवीन आलात? घर नंतर लावा, आधी गाडीचे टायर बघा

मी मूळचा चिपळूणचा. २००८ ला वाळूजला नोकरी लागली म्हणून आलो, दोन वर्षांत बदली करून घेतो असं आईला सांगून, आणि अजून इथंच आहे. कंपनीत दरवर्षी कोकणातनं, पुण्याकडनं नवीन पोरं येतात, मोठी एसयूव्ही घेऊन येतात, आणि मे संपायच्या आत त्यातल्या एकाचा तरी फोन येतोच, "काका, टायर फुटला." घर कुठल्या भागात घ्यावं, पाणी किती दिवसांनी येतं, हे सांगणारे शंभर भेटतील. मी टायरचंच सांगतो.

पहिली गोष्ट, आणि बाकी काही वाचलं नाही तरी चालेल: उन्हाळ्यात हवा कमी करायची नाही. परत सांगतो, कमी करायची नाही. इथं आल्या आल्या कुणीतरी तुम्हाला सांगणार की ऊन लई आहे, हवा फुगते, चार पॉइंट कमी ठेवा. पंक्चरवाला सांगेल, ऑफिसातला ड्रायव्हर सांगेल, शेजारचे रिटायर्ड सर तर शास्त्र समजावून सांगतील. सगळे मनापासून सांगतात, इथली माणसं तशी जीव लावणारी आहेत, पण हा सल्ला उलटा आहे. २०२३ च्या मे महिन्यात मी तो ऐकला. ३३ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप, त्यालाच सगळे पॉइंट म्हणतात) जागी २८ हवा, गाडीत पाच जण, मागं लग्नाचं सामान, बाहेर ४२ डिग्री, आणि समृद्धी महामार्ग मोकळा दिसला म्हणून काटा ११५ वर. जालना मागं टाकून अर्धा तास झाला असेल, मागचा उजवा टायर बसला. फुटला म्हणजे चिंध्याच झाल्या. गाडी कशी सरळ राहिली ते मला आजही सांगता येणार नाही. टायर, वाकलेली रिम, मागचं बंपर धरून २६ हजार गेले आणि बायको मेहकर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

कारण समजून घ्या म्हणजे कुणी सांगितलं तरी डगमगणार नाही. लोखंडी तार दहा वेळा इकडं-तिकडं वाकवली की हाताला चटका बसतो ना, तसंच टायरचं आहे. हवा कमी असली की टायर खाली जास्त चेपतो, त्याची बाजू प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते, आणि त्या वाकण्यानंच तो आतून तापत जातो. वरचं ऊन आणि खालचा काँक्रीटचा रस्ता त्यात भर घालतात एवढंच. सकाळी ३३ भरलेली हवा दुपारी चालवून झाल्यावर ३७-३८ दाखवते, दाखवू द्या, कंपनीनं आकडा देताना ते धरलेलंच असतं. गरम टायरमधली हवा सोडली की संध्याकाळी तो रिकामा.

किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या खांबावर स्टिकर असतं तिथं बघा. माणसं आणि सामान भरून जाणार असाल तर त्यासाठी वेगळा, वाढीव आकडा असतो, तो घ्या. टायरच्या अंगावर लिहिलेला आकडा म्हणजे तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा, तो भरायचा नसतो. हवा सकाळी गाडी गार असताना बघायची, घराजवळच्या पंपावर. पंपावरच्या मशीनवर माझा विश्वास नाही, स्वतःचा गेज घ्या. लांब जाताना दीड तासाला थांबून चारी टायरांवर हात फिरवा, एखादा इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर त्याच्यात हवा कमी आहे असं समजा. समृद्धीवर लिमिट १२० आहे म्हणून १२० च मारली पाहिजे असं काही नाही, बरं का.

नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, फुकट मिळाला तर भरा.

आता नवीन टायर. कुठल्या कंपनीचा यावर मी भांडत नाही, नावाजलेला कुठलाही घ्या. वाळूजला गुडइयरचा कारखाना आहे म्हणून इथं टायर स्वस्त पडत असेल हा समज मी पण घेऊन आलो होतो, तसलं काही नसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, तो बिलात बघून घ्या. मापात मात्र तडजोड नको. माझ्या गाडीला २३५/६५ आर १७ लागतो, पुढं १०४ एच लिहिलेलं असतं. १०४ म्हणजे एक टायर ९०० किलो पेलतो, एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग सोसतो. दुकानदार त्याच मापाचा पण कमी वजन पेलणारा टायर स्वस्तात दाखवतो, तो घेऊ नका, सात माणसं बसवणार आहात तुम्ही. आणि तारीख बघा. टायरच्या अंगावर डीओटी लिहिलेलं असतं, तिथले शेवटचे चार आकडे, उदाहरणार्थ २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. "नवाच है साब" म्हणून तीन वर्षं गोदामात पडलेला माल गळ्यात मारतात. मी इथल्या उन्हात सहा वर्षांच्या पुढं टायर ठेवत नाही, खाचा शिल्लक असल्या तरी. खाचेत मधे मधे उंचवटे असतात, १.६ मिलीमीटरची खूण असते ती, टायर झिजून तिथवर आला की संपला, गोटा व्हायची वाट बघू नका.

दोनच बदलणार असाल तर नवे मागं टाका. पुढं टाकतात सगळे, पण पावसात मागचं घसरलं की गाडी गरकन फिरते, मग स्टिअरिंगनं काही होत नाही. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर शक्यतो चारही एकदम. वॉल्व नवीन घ्या, दर ८-१० हजार किलोमीटरवर टायर पुढं-मागं करा, अलाइनमेंट बघा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही.

पुण्याहून आलेल्या मंडळींना जाड नक्षीचे ऑल टेरेन टायर लावायची फार हौस. का तर गावाकडं जातो. गावाकडं म्हणजे वर्षातून एकदा कुणाच्यातरी शेतात हुरड्याला! हायवेवर ते घोंगावतात, मायलेज खातात. आणि काळ्या मातीचा चिखल तुम्ही अजून बघितला नाही, आमच्या तांबड्या मातीसारखा तो पाण्यानं निघत नाही, खाचांत असा भरतो की पाच मिनिटांत तुमचा ऑल टेरेन पण गोटाच. पावसात शेतरस्त्यावर गाडी घालूच नका, बांधावर लावा आणि चालत जा. ट्रॅक्टर बोलवायची वेळ आली तर शेतकरी येतो, पैसे पण घेत नाही, पण पुढची पाच वर्षं गावभर सांगतो.

हुरड्यावरनं आठवलं, वावरात तुरीची, पऱ्हाटीची म्हणजे कापसाची धसकटं असतात, कापलेल्या टोकाला भाल्यासारखी. ती टायरच्या बाजूला घुसली तर पंक्चर काढता येत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. बाभळीचा काटा तळात घुसला तर निघतो, पण रस्त्यावर दोरी घालून काढलेलं पंक्चर तात्पुरतं समजा आणि शहरात आल्यावर टायर उतरवून आतनं मशरूम, म्हणजे देठ असलेलं रबरी ठिगळ, लावून घ्या.

स्टेपनी सगळे विसरतात. नव्या बऱ्याच गाड्यांत ती बारीक येते, तिच्यावर ८० च्या पुढं जायचं नसतं. गाडीखाली लटकवलेली असेल तर एकदा स्वतःच्या पार्किंगमधे उतरवून बघा, माझी गंजून अडकली होती आणि ते त्या दिवशी हायवेवर कळलं. जॅक कुठं लावायचा ते पण तेव्हाच बघा, आणि मातीत रुतू नये म्हणून त्याच्याखाली ठेवायला एक फळी डिकीत टाका. माझी जुन्या पलंगाची आहे.