त्सो मोरीरीला निघण्याआधी: नाशिकच्या रसायन शिक्षकांसाठी तयारीची यादी

त्सो मोरीरीच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या गटाच्या मोहिमेत स्वयंसेवक म्हणून जायचं असेल, तर सगळ्यात आधी रजा. लडाखमधला हा तलाव हिवाळाभर गोठलेला असतो. मे महिन्यात आपल्याला सुट्टी असते तेव्हा तो कुठे वितळायला लागलेला असतो, म्हणून पाण्याचा आणि पक्ष्यांचा अभ्यास करणारे गट जून ते सप्टेंबरच्या बेतात जातात. नेमके तेच दिवस आपल्याकडे प्रवेशाचे आणि घटक चाचण्यांचे. तेव्हा प्राचार्यांकडे अर्ज दोनेक महिने आधी द्या, सोबत मोहिमेचं पत्र जोडा आणि आपले तास, विशेषतः प्रॅक्टिकलच्या बॅचेस, कोण घेणार ते स्वतः ठरवून त्या माणसाचं नाव अर्जातच लिहा. ‘लडाख ट्रिप का, मॅडम?’ असं स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणणारच. म्हणू दे.

खरं तर ट्रिप नाहीच ती. स्वयंसेवक म्हणजे आपल्या खर्चाने जाऊन दुसऱ्याच्या संशोधनात हमाली करणारा माणूस. बाटल्या भरायच्या, दोर धरायचा, आकडे लिहायचे. आपली एम.एस्सी. तिथे फारशी कोणाला लागत नाही; लागतात ते न थरथरणारे हात आणि वाचता येईल असं अक्षर. हे मनाला पटत असेल तरच पुढची यादी वाचा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. मूळ ओळखपत्र आणि त्याच्या चार-सहा झेरॉक्स. त्सो मोरीरी हे 2002 पासून रामसर यादीतलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं मानलेलं पाणथळ आहे आणि चीनच्या सीमेकडचा भाग आहे, त्यामुळे पर्यटक म्हणून जाणं वेगळं आणि पाण्याचे, प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे) नमुने घेणं वेगळं. नमुन्यांसाठी वन्यजीव विभागाची परवानगी लागते, ती गटाच्या नावावर असते. त्या यादीत आपलं नाव आहे ना, ते पत्राची प्रत मागवून डोळ्यांनी पाहा. प्रवाशांच्या परवान्याचे नियम बदलत राहतात, तेही निघण्याआधी तपासा. मोबाइलचं आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि तेही तलावाकाठच्या कोरझोक गावात चालेल असं धरून चालू नका. घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा, म्हणजे फोन लागला नाही की घरात धावपळ नको.

आता शरीर. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे, तलाव 4,500 मीटरच्या वर. आपल्या जिल्ह्यातला साल्हेर 1,567 मीटर आणि इगतपुरीच्या अंगाला उभं असलेलं कळसूबाई 1,646, म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकावर उभं राहिलात तरी लेहच्या अर्ध्यालाही पोहोचत नाही. अंजनेरी, ब्रह्मगिरी जरूर चढा, रोज पांडवलेणीच्या पायऱ्या करा. पायांना आणि दमाला उपयोग होतो. पण विरळ हवेचा त्रास तंदुरुस्ती बघून होत नाही. धडधाकट ट्रेकर आडवा होतो आणि पन्नाशीतले सर मजेत फिरतात. दिल्लीहून विमानाने लेहला उतरणार असाल तर पहिले दोन-तीन दिवस तिथेच काढायचे, पहिल्या दिवशी तर जिनासुद्धा सावकाश. रक्तदाब, मधुमेह, दमा असेल तर डॉक्टरांना गाव नव्हे, उंची सांगा.

डॉक्टर बहुधा उंचीच्या त्रासावरच्या अॅसिटाझोलामाइडचा विषय काढतील. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर ते तेव्हाच बोला, आणि मित्राच्या पाकिटातली गोळी घेऊ नका. रसायनवाल्यांना या गोळीचं काम आवडण्यासारखं आहे. ती कार्बोनिक अॅनहायड्रेज हे विकर (एन्झाइम) अडवते, मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकतात, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि शरीर जास्त श्वास घ्यायला लागतं. लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात आणि सोडा पाणचट लागतो. यातलं काही झालं म्हणून घाबरू नका. घाबरायचं ते डोकेदुखी वाढत गेली, उलट्या सुरू झाल्या, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्याजागी दम लागला तर. मग थांबणं नाही, खाली उतरणं. मोहिमेत उतरण्यासाठी गाडी रात्रीही तयार असते का, हा प्रश्न नाव नोंदवतानाच विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर नाव नोंदवू नका.

यानंतरची तयारी डोक्याची, आणि माझ्या मते तीच सर्वांत जास्त राहून जाते. आपण वर्गात जे आकडे तोंडपाठ म्हणतो ते तिथे लागू पडत नाहीत. 4,500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 57-58 टक्के. पाणी 85 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ उघड्या पातेल्यात शिजत नाही आणि कुकर हा तिथल्या स्वयंपाकाचा कणा आहे. खरा घोळ होतो विरघळलेल्या ऑक्सिजनच्या बाबतीत. 10 अंशांच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे 11.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तोच तलावाच्या उंचीवर साधारण 6.4. समुद्रसपाटीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं तर 6.4 हा आकडा कोणालाही आजारी पाण्याचा वाटेल, प्रत्यक्षात ते पाणी ऑक्सिजनने पूर्ण भरलेलं असतं. म्हणून निघण्याआधी दाबाप्रमाणे दुरुस्त केलेला तक्ता स्वतःच्या हाताने करून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. ऑक्सिजन मीटर नेणार असाल तर त्यात उंची किंवा दाब कुठे भरायचा, ते घरीच शोधून ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे तलावाचा स्वभाव. बर्फाचं पाणी ओढ्यांतून आत येतं, बाहेर जायला आज नदी नाही. पाणी उडून जातं ते बाष्प होऊन, क्षार मागे राहतात. म्हणून पाणी मचूळ आणि सामू (पीएच) नऊच्या आसपास. लोणार आपल्या पोरांना ऐकून माहीत असतं, तसाच हा बंद खोऱ्यातला प्रकार, पण लोणारइतका तीव्र नाही. यावरून ठरतं की सामूमापक 7 आणि 9.2 च्या बफरवर, म्हणजे सामू आधीच माहीत असलेल्या द्रावणावर लावायचा. कॉलेजच्या कपाटातली 4 ची बाटली नेऊन उपयोग नाही. बफरचा सामू तापमानाप्रमाणे सरकतो, त्याचा छोटा तक्ता पाकिटावर असतो, तो कापून घ्या. इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून न्या. ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून नेणारे अजून भेटतात, त्यांच्या इलेक्ट्रोडचं तिथे काय होतं ते सांगायला नको.

बाटल्यांना वेळ द्या, भरपूर द्या. फॉस्फेट मोजायचं असेल तर बाटली घरच्या कपड्यांच्या पावडरीने धुणं म्हणजे नमुन्यात आधीच फॉस्फेट घालून ठेवणं. प्लास्टिकच्या बाटल्या दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर, मग ऊर्ध्वपातित पाण्याने पाच-सहा वेळा, मग उलट्या ठेवून वाळवणं, झाकणासकट पिशवीत बंद. हे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत लॅब असिस्टंटांना विश्वासात घेऊन करा, त्यांचा हात आपल्यापेक्षा बसलेला असतो. इन्व्हर्टरसाठी मिळणारं पाणी चालेल का, असं विचारतात. आधी त्याची विद्युतवाहकता मोजा, मग ठरवा. त्याच पाण्याची एक बाटली नमुन्यांसोबत तलावापर्यंत नेऊन, तिथे उघडून, पुन्हा बंद करून परत आणायची. ती कोरी बाटली नसेल तर बाकीच्या बाटल्यांवर प्रयोगशाळेने विश्वास का ठेवावा?

पाणी किती खोलवर नितळ आहे ते मोजायची सेक्की तबकडी मात्र नाशिकमध्येच करून घ्या, विकत घेऊ नका. आंजेलो सेक्की या इटालियन पाद्र्याने 1865 मध्ये भूमध्य समुद्रात अशी तबकडी सोडून पाहिली होती. तलावांसाठी 20 सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची वापरतात. नेमप्लेट करणाऱ्याकडून अॅक्रिलिकची चकती कापून घ्या, रेडियमवाल्याकडून काळे तुकडे चिकटवून घ्या, पण त्याला ‘चमकणारं नको, मॅट दे’ असं दोनदा सांगा. सवयीने तो चमकणारंच लावतो. खाली वजन बांधा. दोर ताणला न जाणारा हवा, आणि खुणा करायच्या त्या दोर ओला करून, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर. वाचन घेताना नावेच्या सावलीच्या बाजूने बघायचं, गॉगल काढून. तबकडी दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी.

विरघळलेला ऑक्सिजन मोजायच्या विंकलर पद्धतीची रसायनं ही वेगळी डोकेदुखी. मँगनीज सल्फेट, अल्कलाइन आयोडाइड, संहत सल्फ्युरिक आम्ल, वर प्लवकांचे नमुने टिकवायला ल्युगॉलचं आयोडीन. आम्ल आणि अल्कली विमानात चालत नाहीत, रेल्वेतही नाहीत, आणि ‘थोडंसंच आहे हो’ हा युक्तिवाद कुठेच चालत नाही. गट ही रसायनं रस्त्याने लेहला पोहोचवणार आहे का, हे लेखी विचारा. आपण न्यायचं ते बिनधोक सामान: प्लास्टिकच्या सिरिंज, पिपेटचे रबरी फुगे, हातमोजे, डोळ्यांचे चष्मे. या पद्धतीत शेवटी ब्युरेटमधून सोडायचं थायोसल्फेटचं द्रावण प्रवासात बदलतं, ते तिथे पुन्हा प्रमाणित करायला वेळ राखून ठेवा. 200 मिली नमुना आणि 0.025 नॉर्मल तीव्रतेचं थायोसल्फेट घेतलं तर ब्युरेटमधला एक मिली म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. वाऱ्यात बोटं गारठलेली असताना हा हिशेब देवासारखा धावून येतो. स्टार्च ताजा लागतो. नसला तर रात्रीच्या भाताची निवळ पेज घ्या, निळा रंग येतो. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या केबिनच्या बॅगेत, खाली जाणाऱ्या सामानात नाही.

हे सगळं घेऊन एकदा तरी रंगीत तालीम करा. गंगापूर धरण किंवा नांदूरमध्यमेश्वर मनात येईल, पण तिथे परवानगीचा प्रश्न आहे. दिंडोरी-निफाडकडे एखाद्या विद्यार्थ्याच्या घरचं शेततळं सोयीचं. दुपारी चारला ऑक्सिजन मोजा आणि त्याच जागी पहाटे उजाडायच्या आधी मोजा. नाशिकच्या उंचीवर 25 अंशांच्या पाण्यात पावणेआठच्या आसपास मिलिग्रॅम मावतात. हिरव्या झालेल्या शेततळ्यात दुपारचा आकडा त्याच्या वर गेलेला दिसतो आणि पहाटेचा चांगलाच खाली आलेला. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री सगळेच तो खातात. हे एकदा हाताने करून पाहिलं की नमुन्यावर वेळ का लिहायची ते कोणाला सांगावं लागत नाही. एक मात्र कटाक्षाने पाळा: शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की पाय ठरत नाही आणि आत गेलेल्या माणसाला धरायला काही नसतं. एकट्याने जायचं नाही, काठावर दोर आणि हवा भरलेली ट्यूब हवीच, नमुना लांब बांबूला बाटली बांधून घ्यायचा.

कपड्यांचं सगळीकडे लिहिलेलं असतं, मी लांबण लावत नाही. थरांवर थर, वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, चांगला गॉगल, सनस्क्रीन, ओठांना लावायला काहीतरी. दुपारनंतर वारा सुटतो, नावेतलं काम सकाळीच उरकतात, लाइफ जॅकेटशिवाय नावेत पाय ठेवू नका. खाण्यात मेतकूट, भाजणी, दशम्या, लसणाची चटणी. चिवड्याची पाकिटं वर जाता जाता टम्म फुगतात, बॅगेत दाबून भरू नका.

दुर्बीण असेल तर घ्या. नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात दिसणारा चक्रवाक इथे उन्हाळ्यात पिल्लं घेऊन फिरताना दिसतो, पट्टकादंबही इथेच घरटी करतात. ती जमिनीवर असतात, तेव्हा फोटोसाठी जवळ जायचा मोह घरीच ठेवून या. तलावात साबण, भांडी, कपडे काही नाही.

शेवटी नोंदी आणि पेटी. पेन गळतं, शाई पाण्यात पसरते. पेन्सिल न्या आणि जाड कागदाची शिवलेली वही. लेबल बाटलीच्या अंगावर लावा, झाकणावर नाही, कारण झाकणं अदलाबदल होतात. जागा, तारीख, वेळ, खोली, पाण्याचं तापमान, घेणाऱ्याची आद्याक्षरं. रोज संध्याकाळी पानांचे फोटो दुसऱ्याच्या फोनमध्येही. थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या, ल्युगॉलच्या बाटल्या फॉइलमध्ये गुंडाळून उभ्या. माहे पूल आणि चुमाथांग करत लेहला परतताना पेटी गाडीत कोणाच्या पायाशी राहणार ते ठरवून ठेवा, आणि पोहोचण्याचा दिवस रविवार असेल तर नमुने ताब्यात कोण घेणार, हे नाशिक सोडण्याआधीच फोन करून विचारा.